मोठीचा गुन्हा, धाकटीच्या नावावर

धाकटी चोरी करताना सापडली आणि तिचे दिवस पालटले.

तोपर्यंत ती चौदा वर्षांची एक साधी उनाड मुलगी होती. शाळेला दांडी, संध्याकाळी चार टवाळ मैत्रिणी, उलट उत्तरं, एवढाच तिचा संसार. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात नखांना लावायच्या रंगाच्या बाटल्या बाहीत सरकवताना दुकानदारकाकांनी तिला पकडलं. मैत्रिणी पळाल्या. ही पळाली नाही, कारण पळालं तर बाटल्या फुटतील अशी तिला भीती होती. पोलीसठाण्यातल्या मॅडमनी वय पाहिलं, आईचा चेहरा पाहिला आणि सांगितलं, "हिला रोज संध्याकाळी केंद्रात पाठवा. पुन्हा काही केलं, तर मात्र थेट सुधारगृह. मग अठराव्या वर्षापर्यंत भेटायला यायचं तेही वेळ घेऊन."

केंद्र म्हणजे इस्त्रीवाल्याच्या वरचा लांबट हॉल. बाहेर पाटी होती: 'वाट चुकू शकणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळचे केंद्र'. आधी 'वाट चुकलेल्या' असं लिहायचं ठरलं होतं, पण त्याने मुलींचा अपमान होतो असं समितीतल्या एका सभासदाचं म्हणणं पडलं. आता अपमान होत नव्हता. फक्त गल्लीतली प्रत्येक मुलगी पाटीत बसत होती.

तिथे मुलींना कुलपं दुरुस्त करायला शिकवत. चोरीच्या वाटेला लागलेल्या मुलींना कुलपं उघडायला शिकवणारी ही जगातली पहिलीच संस्था असावी, असं दुकानदारकाका म्हणत, आणि म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानाला दुसरं कुलूप लावलं. केंद्राच्या ताईंपाशी याचं फार सुंदर स्पष्टीकरण होतं. ज्या मुलींना आयुष्याची दारं बंद वाटतात वगैरे. देणगीदार आले की त्या ते सांगत आणि देणगीदार डोळे पुसत. शिकवणाऱ्या कुलूपबाईंना विचारलं तर त्या म्हणत, "मला दुसरं येतंय काय?"

तर या केंद्रात धाकटी जाऊ लागली आणि मोठीच्या पोटात दुखू लागलं.

मोठी सतरा वर्षांची. गुणाची पोर, नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वडील नव्हते, म्हणजे होते, पण दुसऱ्या घरी. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळायच्या यंत्रावर उभी असे. त्यामुळे घर मोठीच्या हातात होतं, आणि ते इतकं नीट होतं की आहे हे कुणाच्या लक्षातच येत नसे. कुणी पाहुणी विचारायची, "आणि मोठी काय करते?" आई म्हणायची, "मोठीचं काय, ती आहेच." जशी भिंत असते.

धाकटीला मात्र केंद्रात निळा एप्रन मिळाला. जाड कापडाचा, पुढे चार खिसे, एका खिशात हत्यारांची गुंडाळी. केंद्राची माणसं घरी चौकशीला येत. 'तिला घरी काय आवडतं?', 'ती रागावली की तुम्ही काय करता?' असले प्रश्न विचारत आणि मोठी त्यांच्यासाठी चहा ठेवी. एकदा चौकशीला आलेल्या बाईंनी कप हातात घेत मोठीला विचारलं, "आणि तू?" मोठीने गाळणं खाली ठेवलं. ती सांगायला बसणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "तू नाही घेत चहा?"

आई कामावरून आली की आधी धाकटीच्या खाटेवर बसायची. "काय केलंस गं आज? कुणाशी भांडली नाहीस ना? चिडचिड झाली का?" मोठी पलीकडे बटाटे सोलत असे. तिचीही चिडचिड झालेली असे, पण बटाट्याखेरीज कुणाला कळत नसे.

त्यातही एक गोष्ट जिव्हारी लागली. धाकटी लहानपणापासून मोठीला 'ताई' म्हणायची. आता एके संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "ताई म्हणाली, मी खूप धीट आहे."

"मी कधी म्हणाले?" मोठी म्हणाली.

"तू नव्हे गं. ताई."

म्हणजे घरात एवढा एकच शब्द मोठीचा स्वतःचा होता, तोही केंद्राने नेला.

मोठीने सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. केंद्रात जाऊन ताईंना म्हणाली, "मलाही इथे यायचंय."

ताईंनी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तुला कसला धोका आहे?"

"पाटीवर 'चुकू शकणाऱ्या' लिहिलंय. मी चुकू शकते."

"तू?" ताई हसल्या. ते हसणं इतकं मायेचं होतं की मोठीला त्यांचा गळा दाबावासा वाटला. "तुझ्यासारख्या मुली आहेत म्हणून तर आम्हाला जरा श्वास घ्यायला मिळतो. जा, आईला मदत कर."

मोठी जिना उतरली ती गुन्हेगार व्हायचं ठरवूनच.

पण गुन्हा ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. त्याला आधी थोडं नाव असावं लागतं. मोठी दुकानदारकाकांच्या दुकानात गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत साबणाची वडी उचलली आणि चालू लागली. मागून काकांची हाक आली. ती थांबली.

"अगं, घाईत दिसतेस," काका म्हणाले. "राहू दे, पैसे मग दे. आणि हा साबण घे, हा जास्त फेसाळतो."

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या काकूंना उलट उत्तर दिलं. काकूंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तापाची गोळी दिली.

इकडे कुलपांचं एक वेगळंच प्रकरण चालू होतं. केंद्राची रीत अशी होती, की प्रत्येक मुलीने एक बंद कुलूप घरी न्यायचं आणि सराव करून उघडून परत आणायचं. दर खेपेला कुलूप आधीच्यापेक्षा अवघड. धाकटीला केंद्र आवडायचं, तिथल्या गप्पा आवडायच्या, एप्रन आवडायचा. कुलपं आवडायची नाहीत. ती घरी आली की कुलूप आणि हत्यारं खाटेवर फेकायची आणि म्हणायची, "हे जरा बघ ना."

आणि मोठी बघायची. पहिलीपासून धाकटीची गणितं तिनेच सोडवली होती, निबंध तिनेच लिहिले होते. त्यात आता कुलपांची भर. एका सळईने हलका ताण द्यायचा, दुसरीने आतल्या पिना एकेक चाचपायच्या. जी पिन हट्ट धरून बसते तिला आधी समजवायचं. हट्टी माणसाला समजवायची मोठीला सवय होती. कुलपं उघडत गेली. ती मोठ्या रागाने उघडायची, पण उघडायची. दुसऱ्या दिवशी धाकटी ती केंद्रात नेऊन ठेवायची आणि कुलूपबाई सगळ्यांना दाखवायच्या, "हात बघा हिचा. असा हात शिकवून येत नाही."

खरंच आला नव्हता.

ही शाबासकी धाकटीने घरी येऊन सांगितली. मुरकत, आईच्या गळ्यात पडून. आईने तिचे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले. मोठीने आपले हात बटाट्यांच्या पाण्यात घातले आणि तिला कळलं, की आता साबणाच्या वडीवर भागायचं नाही.

तिने दुकानदारकाकांचं कोठार निवडलं. दुकानाच्या मागे, बोळात, एक दार, आणि त्याला काकांनी केंद्राला भिऊन लावलेलं ते दुसरं कुलूप. काका दुपारी जेवून घोरतात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण ऐकू येत असे. धाकटी शाळेत गेली होती. निदान घरातून तरी गेली होती. तिचा निळा एप्रन खुंटीवर होता. मोठीने तो उतरवला. हत्यारं खिशात होती म्हणून उतरवला, असं तिने स्वतःला सांगितलं. मग आरशात मागून-पुढून पाहिलं, ते कशासाठी, हे मात्र सांगितलं नाही. एप्रन तिला धाकटीपेक्षा बरा दिसत होता.

कुलूप भलतंच नवखं होतं. चटकन उघडलं. मोठी आत गेली आणि खोक्यावर बसली. तिला काही न्यायचं नव्हतं. तिला सापडायचं होतं. काका उठतील, मागे येतील, ओरडतील, मॅडम येतील, आई धावत येईल आणि खाटेवर शेजारी बसून विचारील, 'असं का केलंस गं?' त्या प्रश्नाचं उत्तर तिने घरून तयार करून आणलं होतं. बऱ्यापैकी लांब होतं.

काका उठेनात. घोरणं भिंतीतून येत होतं, सुरात. समोरच्या फळीवर नखांच्या रंगाच्या बाटल्या कशाही भरल्या होत्या, लाल गुलाबीत, गुलाबी जांभळ्यात. मोठीला ते बघवेना. तिने थोड्या सारख्या केल्या. मग एक फळी, मग खालची. फिकटापासून गडदापर्यंत. साबण एका बाजूला, कंगवे दुसऱ्या. फळ्या पुसल्या. मोकळी खोकी घड्या करून कोपऱ्यात लावली. आणि मग पलीकडचं घोरणं थांबलं.

तेव्हा तिला कळलं, की सापडायला जी छाती लागते ती वेगळी. ती उठली आणि पळाली. दार उघडं, कुलूप कडीला लोंबकळत. बोळाच्या तोंडाशी कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी एक निळा एप्रन धावत जाताना ओझरता पाहिला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की हे धाकटीचं काम.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बैठक बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला मॅडम, ताई, कुलूपबाई आणि दुकानदारकाका. दुसऱ्या बाजूला धाकटी. आई धुलाईखान्यातून तशीच आली होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मोठी तिच्यामागे भिंतीला टेकून उभी. टेबलावर मधोमध ते कुलूप.

"एप्रन दिसलाय," मॅडम म्हणाल्या. "कुलूप तोडलेलं नाही, उघडलंय. आणि ते उघडता येणारी एकच मुलगी आहे, असं बाईच म्हणतात."

कुलूपबाई खाली बघत म्हणाल्या, "हात चांगला आहे. म्हणून तर वाईट वाटतं."

"मी शाळेत होते," धाकटी म्हणाली.

"शाळा म्हणते, नव्हतीस."

"म्हणजे मैदानात होते. पण मी नाही केलं. आणि मी केलं असतं ना, तर कुलूप परत लावून आले असते. इतकं गबाळं काम मी नाही करत."

मोठीला हे लागलं.

"मुलगी शाळेत नाही, वर आणखी गुन्हा," मॅडम आईकडे वळल्या. "मी आधीच सांगितलं होतं. गाडी सोमवारी येईल."

आई ओल्या बाह्या खाली ओढू लागली, जणू नीट कपड्यात असतं तर हे टळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे संन्यासी आदल्या खेपेचा चोर होता, त्यामुळे कुणाला चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

मोठीला धाकटीची दया आली, हे खरं. पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली बहीण ती. पण त्या दयेच्याही आधी, अर्धा श्वास आधी, तिच्या मनात जे आलं ते असं: आयुष्यात मी एक गुन्हा केला, तोही हिच्या नावावर.

"मी केलंय," ती म्हणाली.

सगळे वळले. मग सगळ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच ते मायेचं हसू उमटलं.

"बहीण असावी तर अशी," दुकानदारकाका म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस, बाळ," ताई म्हणाल्या. "तुझं मन आम्हाला समजतं."

"मन नाही, मी कोठार फोडलंय."

आई तिचा हात धरून म्हणाली, "अगं, तू कशाला स्वतःवर ओढून घेतेस? तू का असं करशील?"

प्रश्न जवळजवळ तोच होता. पण तो उत्तरासाठी विचारलेला नव्हता, आणि ते लांब उत्तर मोठीच्या घशातच राहिलं.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या बाटल्या कशा होत्या?"

"कशा म्हणजे? जागेवर. एक गेली नाही." काका थबकले. "रंगवार लावलेल्या होत्या. मला वाटलं, बायकोने लावल्या. मी तिच्यासाठी गजरेच आणणार होतो, पण तीच म्हणाली, तिला वाटलं मी लावल्या."

"फळ्या मी पुसल्या. खोकी मी घडी केली."

"आमच्या केंद्रात आम्ही नीटनेटकेपणा शिकवतो," ताई घाईने म्हणाल्या, आणि आपण हे कुणाच्या बाजूने बोललो ते त्यांना नंतर उमगलं.

आई मात्र धाकटीकडे बघत होती. "हिने जन्मात चादरीची घडी घातलेली नाही," ती हळूच म्हणाली. "मी चादरींतच असते. मला ठाऊक आहे."

कुलूपबाईंनी कुलूप उचललं, कडी दाबून बंद केलं आणि धाकटीपुढे सरकवलं. "उघड."

आता धाकटीची खरी पंचाईत. उघडलं नाही तर ती सुटत होती. पण उघडलं नाही तर ती काहीच राहत नव्हती. ते हात, ती शाबासकी, सगळं जात होतं. तिने सळया घेतल्या आणि मनापासून प्रयत्न केला. देवाशपथ केला. सुधारगृहात जायला ती तयार होती, पण कुलूपबाईंसमोर खोटी पडायला नाही. जीभ दातांत धरून ती बराच वेळ सळई फिरवत राहिली. नाकाच्या शेंड्यावर घाम आला. कुलूप ढिम्म.

"आज हात बरा नाहीये," ती पुटपुटली. मग डोळ्यांत पाणी आणून मोठीला म्हणाली, "हे घे. तूच घे."

मोठी टेबलाशी आली. खाली न बघता, आईकडे बघत तिने ताण दिला, चाचपलं. एक पिन हट्टी होती. तिला जरा समजावलं. कडी खट्टकन वर आली.

कुलूपबाईंनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग त्या हातांकडे, मग धाकटीकडे. "घरचा सराव कोण करत होतं?"

धाकटीने बोटाने दाखवलं.

"पहिल्यापासून?"

"पहिलीपासून," धाकटी म्हणाली. खरं बोलायचंच तर पुरतं.

ताईंना आधी चक्कर आली आणि मग त्यांना बोलायला एक मुद्दा सुचला; केंद्राचा परिणाम घराघरांत पोहोचतो, असा काहीतरी. दुकानदारकाकांना एकच चिंता होती. "मग आता तक्रार मागे घ्यायची की मोठीवर टाकायची? माझं नुकसान तर काही नाही. उलट पसारा आवरला."

मॅडम बराच वेळ मोठीकडे बघत राहिल्या. आजवरच्या मुली त्यांनी बघितलं की मान खाली घालत. ही मान वर करून उभी होती, आणखी थोडा वेळ बघावं अशी तिची अपेक्षा दिसत होती.

"कशासाठी केलंस?"

"इथे यायचं होतं."

"मग विचारायचं."

"विचारलं होतं. मला धोका नाही म्हणाल्या."

मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीला बघायला कुणी उरलं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: सुधारगृहाची गाडी कुणासाठीच येणार नाही. धाकटीने पहिल्या, सगळ्यांत सोप्या कुलपापासून पुन्हा सुरुवात करायची, स्वतःच्या हातांनी. आणि मोठी आता पाटीत बसते, तेव्हा तिने उद्यापासून यायचं. निळा एप्रन तिला तिथेच दिला. धाकटी म्हणाली, "हिला नवा का? माझा जुना द्यायचा ना." कुणी लक्ष दिलं नाही.

घरी जाताना आई दोघींच्या मध्ये चालत होती. नेहमी ती धाकटीचा दंड धरून चालायची. आज तिने एक हात तिथे ठेवला आणि दुसरा मोठीच्या दंडाला घातला. जरा घट्टच, पळून जाईल की काय अशा बेताने. मध्येच थांबून तिने मोठीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं. "तू कोठार फोडलंस," ती म्हणाली.

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मला वाटलं, तुला कशाची भीती वाटत नाही," आई म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. पण हात सोडला नाही.

मोठी केंद्रात जाऊ लागली त्याच्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी हॉलचं दार उघडलं आणि आई आत आली. यंत्र बंद पडलं होतं म्हणून लवकर सोडलं, असं तिने ताईंना सांगितलं. धुलाईखान्यातल्या यंत्र आजवर बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मुलींच्या मागे भिंतीला एक बाक होता, तिथे ती बसली.

धाकटी पुढच्याच टेबलावर होती. पहिल्या कुलपाशी झगडत. आई आलेली पाहून तिचा चेहरा उजळला. ती उठली, बाकापाशी आली, अर्धवट चाचपलेलं कुलूप दोन्ही हातांत धरून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे बघ, जवळजवळ झालंय. एकच पिन राहिलीय. बघ ना."

"बघते हं," आई म्हणाली, तिच्या कमरेला हात लावत. "आधी जरा बाजूला हो, राणी. मोठी दिसत नाहीये."

धाकटी बाजूला झाली. तिने मोठीच्या पाठीकडे असं काही पाहिलं, की ते बघणं मोठीला न वळताही कळलं. ते तिच्याच ओळखीचं होतं. मोठीच्या हातातलं कुलूप केव्हाच उघडायला आलं होतं. तिने ताण सैल केला, पिना पुन्हा खाली पडू दिल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.